'बसत नाही' आणि 'बसवत नाही' : शाळेत न मावणारे मूल आणि आपले वाङ्मय

१

रायपूरच्या सदर बाजारातून, सराफांच्या दुकानांच्या रांगांमधून शाळेला जाणाऱ्या मराठी घरातील मुलाला दोन भाषा एकाच लिपीत भेटत असतात. घरात मराठी, रस्त्यावर आणि वर्गात हिंदी. अक्षरे तीच, अर्थ मात्र पुष्कळदा निराळे. घरच्या भाषेत 'शिक्षा' म्हणजे दंड, तर शाळेच्या पाटीवरील 'शिक्षा' म्हणजे विद्या. घरी 'चेष्टा' म्हणजे टवाळी, तर हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली तेव्हापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ रायपुरात आजही त्यांना एकत्र आणते. आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांचे शिक्षणही याच बाजूला झाले. अशा दुभाषी घरांतील बहुतेक मुले हे दोन अर्थ थोड्याच दिवसांत आपसूक वेगळे ठेवू लागतात. कोठे कोणता अर्थ घ्यावयाचा हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु काही मुलांच्या बाबतीत या दोन अर्थांची गाठ सुटत नाही, कारण त्यांच्यापुरते शिकणे आणि दंड भोगणे हे वस्तुतः एकच झालेले असते. कोणाला पाठीमागच्या बाकावरून पुढे सरकणारी कुजबूज, पंख्याची घरघर आणि मधल्या सुट्टीची घंटा एकाच वेळी, एकाच जोराने ऐकू येते. कोणाच्या डोळ्यांसमोर अक्षरे ओळखीची होतात आणि पुन्हा अनोळखी होतात. कोणाचे लक्ष एका जागी ठरत नाही, तर कोणाचे एका जागी असे ठरते की तेथून ते हलवता येत नाही. वैद्यकशास्त्राने या घडणींना अध्ययन-अक्षमता, अवधानाचे चांचल्य, स्वमग्नता अशी नावे दिली आहेत. मेंदूची घडण बहुसंख्यांहून वेगळी असलेल्या सर्वांना कवेत घेणारा 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्दही अलीकडे मराठीत तसाच्या तसा वापरला जाऊ लागला आहे. नावे आली ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न याहून वेगळा आहे. या मुलाकडे पाहण्यासाठी आपल्या भाषेने आणि आपल्या कथा-नाटकांनी कोणती दृष्टी घडवली, आणि ती दृष्टी अशा मुलाच्या व त्याच्या आईवडिलांच्या कितपत उपयोगी पडते?

२

भाषेपासून आरंभ करणे इष्ट होईल. शाळेत मागे पडणाऱ्या मुलासाठी मराठीने जो सर्वांत प्रचलित शब्द निवडला आहे तो शब्दही नव्हे, नुसते एक अक्षर आहे : 'ढ'. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या प्रवासात इतर अक्षरांची वळणे बदलत गेली, 'ढ' मात्र होते तेथेच राहिले, म्हणून वर्षानुवर्षे त्याच इयत्तेत राहणारा विद्यार्थी 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातला उपरोध विलक्षण आहे. ज्या मुलाला लिपीच अडवते त्याला आपण लिपीतलेच एक अक्षर शिवी म्हणून बहाल केले. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावयाची आणि त्याच्यानंतर उच्चारावयाची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यावयाचा आणि आधी म्हणावयाचा. उकार खाली, मात्रा वर. सराईत डोळ्याला ही कसरत जाणवतसुद्धा नाही. ज्याला ती जाणवते त्याच्या अडचणीचा शोध घेण्याऐवजी आपण त्या अडचणीचे नाव त्यालाच चिकटवले.

'ढ' हा निदान उघड अन्याय तरी आहे. 'स्वमग्न' या शब्दाचा अन्याय सभ्य आहे, आणि म्हणून तो अधिक काळ टिकेल. ग्रीक भाषेतील 'स्व' या अर्थाच्या शब्दावरून बनलेली संज्ञा १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे निरीक्षण मांडताना वापरली, आणि पुढे ती जगभर रूढ झाली. भारतीय भाषांनी तिचे प्रामाणिक शब्दशः भाषांतर केले : मराठीत 'स्वमग्नता', हिंदीत 'स्वलीनता', आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात 'स्वपरायणता'. भाषांतर मूळ शब्दाशी इमानी आहे, हीच अडचण आहे. मराठीत 'मग्न' माणूस सुखात असतो. तो कामात, भजनात, विचारात मग्न असतो. वर्गातील कल्लोळाने कानांवर हात दाबून टेबलाखाली बसलेले मूल स्वतःत मग्न नसते. बाहेरचे जग त्याच्यावर एकदम कोसळलेले असते. शब्द आत बोट दाखवतो आणि घटना बाहेर घडलेली असते. 'स्वपरायण' म्हटल्याने तर त्यात स्वार्थाचीही छटा मिसळते. भाषांतरकाराच्या एका निर्णयाचे ओझे अशा रीतीने एका पिढीच्या आईवडिलांनी वाहिले आहे.

तिसरा शब्द घरोघरचा आहे : 'हट्ट'. दिवसभर शाळेत स्वतःला सावरून बसलेले मूल घराच्या उंबरठ्यावर पाय ठेवताच दप्तर फेकते, ओरडते, भिंतीवर डोके आपटते. शाळा सांगते, 'आमच्याकडे तर तो अगदी शांत असतो.' त्यावरून शेजारीपाजारी आणि नातलग एकच निष्कर्ष काढतात, की घरच्या लाडाने मूल बिघडले. वास्तविक शाळेतली ती शांतता हेच घरच्या कोसळण्याचे कारण असते. जे पाच-सहा तास दाबून धरले ते जेथे सुरक्षित वाटते तेथे सुटते. परंतु 'हट्ट' या शब्दात इच्छा गृहीत आहे. हट्ट करणाऱ्याला काहीतरी हवे असते, आणि ते मिळाले की हट्ट संपतो. या मुलाला त्या क्षणी काहीही नको असते. त्याला जे हवे असते ते केवळ सगळे थांबणे.

३

येथे मराठी भाषेवर सर्वस्वी दोष ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. कारण या अनुभवासाठी लागणारे रूप तिच्या व्याकरणात तयार आहे, आणि ते शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेही जाते. 'तो बसत नाही' आणि 'त्याला बसवत नाही' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावी. पहिल्यात मुलगा कर्ता आहे. न बसणे हे त्याचे कृत्य आहे, आणि कृत्याचा जाब विचारता येतो. दुसऱ्यात तो चतुर्थीत गेला आहे. न बसवणे ही त्याच्यावर आलेली अवस्था आहे, आणि अवस्थेची विचारपूस करावी लागते. व्याकरणकार याला शक्य क्रियापद म्हणतात. 'मला आज चालवत नाही', 'आजीला आता जिना चढवत नाही', 'हे दुःख बघवत नाही' : म्हाताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या, शोकाकुलांच्या बाबतीत आपण हे रूप सहज, न शिकवता वापरतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र ते कधी आढळत नाही. तेथे मूल वाचत नाही, लिहीत नाही, ऐकत नाही, बसत नाही. त्याला वाचवत नाही, ऐकवत नाही, बसवत नाही, असे लिहिण्याचा प्रघात नाही.

या रूपाची आणखी एक खुबी आहे. शक्य क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद यांची घडण मराठीत पुष्कळदा सारखीच असते. 'गुरुजी त्याला बसवतात' यात बळ गुरुजींचे. 'त्याला बसवते' यात सामर्थ्य मुलाचे. एकच धातू एकदा सक्तीचा होतो आणि एकदा शक्तीचा. अशा मुलाच्या शालेय आयुष्याचा सारा झगडा या दोन अर्थांमध्ये चाललेला असतो, आणि या विषयावरील वाङ्मयाची परीक्षाही याच कसोटीवर करता येईल : लेखक आपल्या पात्राविषयी कोणत्या क्रियापदात विचार करतो?

४

मराठी मनाने पिढ्यानुपिढ्या उराशी धरलेला या बाबतीतला आदर्श 'श्यामची आई'मध्ये आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कृतीतील पोहण्याचा प्रसंग कोणाला आठवत नाही? श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला मारून विहिरीवर धाडते. तो पाण्यात पडतो, तरतो, आणि मग आईच्या माराआडचे प्रेम त्याला उमगते. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ आहे. प्रसंगाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. आईचे कठोर होणे आणि नंतर तिचेच व्याकूळ होणे साने गुरुजींनी फार प्रामाणिकपणे टिपले आहे.

परंतु वाचकाने एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. श्यामचे भय हे उंबरठ्यावरचे भय आहे. एकदा उंबरठा ओलांडला की ते उरत नाही. तो 'उडी मारत नाही', एवढेच. त्याला उडी मारवते, हे आईला ठाऊक आहे आणि कथेने ते सिद्धही केले आहे. ज्या मुलाच्या बाबतीत उडीनंतरही पाणी तितकेच परके राहते, त्याला हीच छडी दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिच्याआडचे प्रेम त्याला कधीच उमगत नाही. प्रसंग खोटा नाही. तो सर्व मुलांचा नाही इतकेच. मराठी घरांनी मात्र तो सर्व मुलांचा मानला. आपले मूल शाळेच्या दारात थरथरू लागले की किती आयांनी मनाशी श्यामच्या आईची साक्ष काढली असेल, आणि ती साक्ष कामी न आल्यावर स्वतःच्या मातृत्वालाच दोष दिला असेल! अभिजात कृतीचे वजन असे असते. म्हणूनच तिची मर्यादा सांगणे हे समीक्षेचे काम ठरते.

याच्या उलट टोकाला रवींद्रनाथांची 'छुटी' ही १८९२ सालची कथा उभी आहे. खेड्यातला उनाड, धडधाकट फटिक मामाबरोबर कलकत्त्याला शिकायला जातो. तेथे मामीला तो नकोसा, वर्गात तो सर्वांत मागे, मास्तरांच्या मारालाही त्याच्याकडून प्रतिसाद नाही; पुस्तक हरवल्यावर तर तो पुरता निराधार होतो. सुट्टी कधी लागणार हा त्याचा एकच प्रश्न. अखेर तो पावसात घरच्या वाटेला लागतो, तापाने फणफणतो, आणि आई येऊन पोहोचते तेव्हा त्याला कायमची सुट्टी लागत असते. फटिकला कोणत्याही आधुनिक निदानाचे नाव देण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. पात्र हे रुग्ण नव्हे, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनंतर त्याची नाडी पाहणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. रवींद्रनाथांनी साधले ते निदानाहून मोठे आहे. गावात पतंग उडवणारा, नदीत डुंबणारा, पोरांच्या टोळीचा म्होरक्या असलेला हाच मुलगा कलकत्त्याच्या वर्गात दगडासारखा होतो. मुलगा बदललेला नाही, जागा बदललेली आहे. गावी त्याला सर्व काही करवते. शहरी त्याला काहीच करवत नाही. हे शक्य क्रियापद रवींद्रनाथांनी कोठेही भाष्य न करता, केवळ दोन स्थळे समोरासमोर ठेवून लिहिले. फटिकचा मृत्यू आपल्याला छळतो तो एवढ्यासाठी, की तो टाळण्याजोगा होता, आणि तो टाळण्याजोगा होता हे कथेतल्या कोणालाही वेळेत कळले नाही.

५

स्वातंत्र्योत्तर मराठी वाङ्मयात अशा कुटुंबाकडे धीटपणे पाहणारी कृती म्हणून जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती'चा निर्देश करणे प्राप्त आहे. तेथील बच्चूची अवस्था प्रस्तुत विषयाहून भिन्न आहे. तो मतिमंद आहे आणि शाळेचा प्रश्न तेथे गौण आहे. परंतु मध्यमवर्गीय आईवडिलांचा शीण, त्यांचा एकाकीपणा, आपल्या मागे या मुलाचे काय ही रात्रीची झोप उडवणारी चिंता दळवींनी ज्या निर्दयपणे मांडली त्याला मराठी रंगभूमीवर तोड क्वचितच सापडेल. त्याग, वात्सल्य, सहनशीलता या गोड शब्दांच्या मागे जाऊन त्यांनी दमलेली माणसे दाखवली. अशा घरांना सर्वांत आधी कशाची गरज असते? आपण दमलो आहोत हे लाज न बाळगता बोलता येण्याची. ती मुभा या नाटकाने प्रेक्षकाला दिली, हे त्याचे ऋण आहे. त्याची मर्यादाही याच ठिकाणी आहे. नाटकाचे मध्यबिंदू आईवडील आहेत, आणि मूल हे बहुतांशी त्यांच्यावर कोसळलेले दैव म्हणून रंगमंचावर वावरते.

'तारे ज़मीन पर' या २००७ सालच्या हिंदी चित्रपटाने दैवाच्या जागी गुरू आणला. अमोल गुप्ते यांच्या या पटकथेचा पूर्वार्ध अत्यंत निर्दोष आहे, कारण तो ईशानच्या डोळ्यांनी पाहतो. फळ्यावरची अक्षरे नाचतात, वडिलांचा आवाज चढतो, आणि निवासी शाळेत टाकल्यावर मुलगा हळूहळू मुका होत जातो. निकुंभ हा शिक्षक त्याच्या वह्या घरी जाऊन पाहतो, चुकांची जात ओळखतो, वडिलांना त्या समजावून सांगतो, वाळूत आणि रंगांत अक्षरे गिरवून घेतो, मुख्याध्यापकांकडे तोंडी परीक्षेची परवानगी मागतो. हे सारे तपशील साध्या, करण्याजोग्या गोष्टींचे आहेत, आणि या चित्रपटाने असंख्य पालकांना धीर दिला असेल तो याच तपशिलांनी. उत्तरार्धात मात्र चित्रपटाला धीर धरवला नाही. निकुंभ वर्गात जगद्विख्यात प्रतिभावंतांची उदाहरणे देतो, आणि शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत ईशान पहिला येतो. मुलाला मिळालेला न्याय त्याच्या गुणवत्तेच्या पावतीवर मिळाला असे त्यातून सूचित होते. ज्याला ना वाचता येते, ना चित्रे काढता येतात, त्याचे काय? वर्गातील अशा बहुतेक मुलांच्या अंगी झाकलेले माणिक नसते. ती सामान्य असतात, इतर मुलांइतकीच सामान्य. आणि सामान्य मुलालाही न रडता शाळेत जाता यावे, हा त्याचा हक्क बक्षिसावर अवलंबून असता कामा नये.

अशा रीतीने आपल्या कलेने या मुलासाठी दोन आसने मांडलेली दिसतात. एक करुणेचे, दुसरे चमत्काराचे. पहिल्यावर बसलेल्या मुलाकडे पाहून डोळे पुसावयाचे, दुसऱ्यावर बसलेल्याला पाहून टाळ्या वाजवावयाच्या. दोन्ही वेळी प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातो, आणि सोमवारी सकाळी शाळा पूर्वीसारखीच भरते.

६

या दोन्ही आसनांवर न बसणारे एक मूल मराठी वाचकाला भाषांतरातून भेटले. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' १९८१ साली जपानीत प्रसिद्ध झाले, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या भाषांतराने ते मराठीत आले. पहिल्या शाळेने तोत्तोचानला काढून टाकले, कारण ती डेस्कचे झाकण शंभरदा उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना बोलावते, पाखरांशी बोलते. थोडक्यात, ती 'बसत नाही'. दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या त्या शाळेत सकाळी फळ्यावर दिवसभराच्या अभ्यासाचे विषय लिहिले जातात आणि ज्याने त्याने हवा तो आधी घ्यावा अशी मोकळीक असते. तोत्तोचान बदलली असे पुस्तक कोठेही म्हणत नाही. तिच्याभोवतीची मांडणी बदलली, आणि मग तिला बसवू लागले.

या पुस्तकातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र शाळेत घडत नाही, घरात घडते. पहिल्या शाळेने आपल्याला काढून टाकले होते हे तोत्तोचानला ती विशीपार होईपर्यंत कळले नव्हते. आईने ते सांगितलेच नाही. नवी शाळा पाहावयाची का, एवढेच विचारले. बाहेरच्या जगाने दिलेला निवाडा त्या बाईने स्वतःच्या छातीवर झेलला आणि मुलीपर्यंत पोहोचू दिला नाही. श्यामच्या आईशेजारी ही आई ठेवून पाहावी. एकीला वाटते, मुलाने लोकांच्या निवाड्याला उत्तर द्यावे. दुसरी म्हणते, तो निवाडा मुलापर्यंत जाताच कामा नये. दोघींचे प्रेम तुल्यबळ आहे. कोणत्या मुलाला कोणती आई हवी हे ओळखणे, हीच पालकत्वाची कठीण बाजू होय.

मराठी प्रदेशाला ही दृष्टी सर्वस्वी परकी होती असे समजण्याचे कारण नाही. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अनुताई वाघ यांच्या साह्याने शाळेची कल्पनाच उलटी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, म्हणून अंगणवाडी. मूल गुरे राखत असेल तर कुरणावर भरावी, म्हणून कुरणशाळा. त्यांच्यापुढील मुले आदिवासी होती आणि अडचण दारिद्र्याची होती. परंतु 'ते येत नाहीत' याऐवजी 'त्यांना येववत नाही' हे वाक्य त्यांनी प्रत्यक्ष कृतीने उच्चारले. त्यांच्या कार्याची चरित्रे झाली, गौरवही झाले. त्या दृष्टीतून जन्मलेले ललित वाङ्मय मात्र मराठीत फारसे निपजले नाही.

७

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. कथेने शाळांच्या सुधारणेची जबाबदारी का घ्यावी? वाङ्मयाला उपयुक्ततेच्या तराजूत तोलणे हे जुनेच अरसिकपण नव्हे काय? आक्षेप आदरणीय आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. करुण किंवा चमत्कारिक मूल रंगवणाऱ्या कृतीचा दोष आधी कलेचा आहे आणि मग नीतीचा. पात्र बाहेरून पाहिले गेले, त्याच्या हेतूविषयी गैरसमज झाला, आणि शेवट वास्तवाच्या गरजेने न येता प्रेक्षकाच्या गरजेने आला : हे तिन्ही दोष कोणत्याही विषयावरील कथेत दोषच ठरतील. ज्याला वर्गातला आवाज टोचतो त्याला तो नेमका कसा टोचतो हे लिहिता येणे, ही शैलीची कसोटी आहे.

शास्त्र आणि कायदा यांनी आपला वाटा बऱ्याच अंशी उचलला आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, पण त्याला छापील शब्द ओळखता येत नव्हता, आणि शिकवणे केवळ तोंडी असते तर तो शाळेत सर्वांत चलाख ठरला असता असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे परीक्षेच्या नियमांत उतरायला शतक लागले. महाराष्ट्राने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या त्या १९९६ च्या सुमारास. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता आल्या, आणि अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन योजणे हे शाळेचे कर्तव्य ठरले. अवधानाच्या चांचल्याचे नाव त्या २१ मध्ये स्वतंत्रपणे नाही, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु कायदा सवलत देतो. सकाळी साडेसहा वाजता मुलाच्या पोटात दुखू लागते तेव्हा काय समजावे हे तो सांगत नाही. आपल्या बालगीतांनी आणि विनोदाने ही पोटदुखी शाळा चुकवण्याची गोड सबब ठरवून टाकली आहे. ती पुष्कळदा सबब असतेही. कधी ती सबब नसते. ज्याला शब्द नाही ते भय पोटातून बोलत असते. ओरडण्याआधी मूल कोणत्या खुणा करते, कान कधी झाकते, कोणत्या तासाला लघवीला जाण्याची परवानगी वारंवार मागते, उद्या नेहमीच्या बाई येणार नाहीत हे आधी कळले तर त्याला कितपत सोसते, शाळेतून आल्यावर अर्धा तास कोणीही एकही प्रश्न विचारला नाही तर संध्याकाळ कशी जाते, या गोष्टी आईला पाठ असतात. वर्गातल्या एका निवांत कोपऱ्याने, तोंडी उत्तराच्या मुभेने, थोड्या जादा वेळाने पुष्कळ काही निभावते. हे सारे कादंबरीकाराचे साहित्य आहे. ज्या भाषेत गृहिणीच्या एका दुपारीवर उत्तम कथा लिहिल्या गेल्या, तिला शाळा सुटल्यानंतरचा हा एक तास लिहिता येऊ नये, याला कारण नाही.

रायपूरनेच त्याचा एक नमुना पुढे ठेवला आहे. राजनांदगावी १९३७ साली जन्मलेले आणि रायपुरात राहून आपले बहुतेक लेखन केलेले विनोदकुमार शुक्ल यांना २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो काव्य-कादंबऱ्यांसाठी. त्यांच्या किशोरांसाठी लिहिलेल्या 'हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़' या कादंबरीची चर्चा त्या मानाने कमी झाली. तिच्यात बोलू नावाचा मुलगा आहे. तो चालत असतानाच बोलतो. पाय थांबले की बोलणे थांबते. लेखक त्याला आजार म्हणत नाही, विशेष देणगीही म्हणत नाही, आणि उपचाराच्या मागेही लागत नाही. एखाद्याचे केस कुरळे असावेत तशी ती गोष्ट कथेत असते. करुणेचे आणि चमत्काराचे ही दोन्ही आसने येथे रिकामी आहेत. बोलूशी बोलावयाचे असेल तर त्याच्याबरोबर चालावे लागेल, इतका साधा बोध त्यातून वाचकाच्या मनात आपोआप उमटतो.

सदर बाजारातून शाळेला निघालेल्या त्या दुभाषी मुलाला 'शिक्षा' या शब्दाचा हिंदी अर्थ शिकवणे सोपे आहे. तो त्याला खरा वाटावा यासाठी कोणाला तरी त्याच्याबरोबर चालावे लागेल. शुक्लांच्या या छोट्या पुस्तकाचे चांगले मराठी भाषांतर जे कोणी करील त्याला 'बोलू' या नावाची अडचण येणार नाही. मराठीतही तो शब्द आमंत्रणाचा आहे.